जपानी मला मराठीतून कळली: ओकायामातलं एक वर्ष

जपानहून परत आल्यापासून दर आठवड्याला कुणाचा तरी मेसेज असतोच, ताई मला पण एक्स्चेंजला जायचंय, एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) पुरेल का, खर्च किती येतो, व्हेज मिळतं का, आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे तिथे गेल्यावर बोलता यायला किती दिवस लागले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं दोन-दोन ओळींत होतात पण शेवटच्याचं होत नाही, म्हणून एकदाच नीट बसून लिहितेय.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, फर्ग्युसन रोडला, संध्याकाळच्या बॅचला. पुण्यात जपानी शिकणारे किती आहेत ते पुणेकरांना सांगायला नको, आमच्या एकट्या सोसायटीत चार जण आहेत. नंतर आमच्या विद्यापीठाचा ओकायामातल्या एका विद्यापीठाशी करार होता त्यातून निवड झाली आणि सप्टेंबर २०२३ ला गेले, ऑगस्ट २०२४ ला परत आले. ओकायामा म्हटल्यावर घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, टोकियो का नाही? पण मला ओकायामाच हवं होतं. आमचं घर सिंहगड रोडला, लहानपणी दर मे महिन्यात आजी आम्हा भावंडांना पु. ल. देशपांडे उद्यानात न्यायची, आणि त्या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ती बनवलीये, २००६ साली सुरू झाली. मला जपान ह्या देशाचं नाव कळायच्या आधी ओकायामा हा शब्द माहीत होता. त्यामुळे फॉर्मवर पसंतीक्रम लिहायला लागला तेव्हा मी जास्त विचार केलाच नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगते. तिकडचं विद्यापीठ तुमच्यासाठी सीओई काढतं, सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, ते आलं की त्यावर इथे व्हिसा. उतरल्यावर विमानतळावरच झाइर्यु कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड, देतात, कान्साई एअरपोर्टला मला तिथल्या तिथे मिळालं, ते कायम जवळ ठेवायचं. राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसमध्ये पत्ता नोंदवायचा, तिथेच हेल्थ इन्शुरन्स काढायचा, त्याने डॉक्टरच्या बिलातले ७० टक्के भरले जातात आणि ३० टक्के आपण द्यायचे. तुम्ही २० च्या वर असाल तर पेन्शनचा पण कागद येतो, घाबरू नका, तिथेच सूट मिळण्याचा अर्ज करता येतो. औषधं नेताना मात्र नीट बघा, सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये आणायला बंदी आहे. कुकर न्या. हिंग न्या. बास.

आता मुख्य मुद्दा.

पहिला आठवडा मला काहीही बोलता आलं नाही. एन-थ्री पास होते, व्याकरण पाठ होतं, पण समोरचा काहीतरी बोलायचा, मी ते डोक्यात इंग्रजीत करायचे कारण आमची सगळी पुस्तकं इंग्रजीतून होती, मग उत्तर इंग्रजीत जुळवायचे, मग ते उलटं फिरवून जपानीत आणायचे, तोपर्यंत समोरचा माणूस वाट बघून बघून हळूच विषय बदलायचा. प्रत्येक एक्स्चेंज स्टुडंटला तिथे एक जपानी विद्यार्थी ट्यूटर म्हणून देतात, वॉर्ड ऑफिस, बँक, फोन सगळीकडे बरोबर येते ती. माझी ट्यूटर फार गुणी मुलगी होती. एका दुपारी आम्ही युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो, सकाळभर फोनच्या सिमसाठी फिरून दमलो होतो (सिमला बँक अकाउंट लागतं आणि बँकेला फोन नंबर लागतो, त्या दिवशी दोन्हीकडून परत पाठवलं होतं), आणि तिने तिच्या ताटातला लोणच्याचा एक पिवळा तुकडा, मुळ्याचा, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ताबेते मिते."

ताबेते म्हणजे खाऊन. मिते म्हणजे बघ.

खाऊन बघ!

मी तो शब्दप्रयोग दोन वर्षं आधी शिकले होते. पुस्तकात लिहिलं होतं की ते-फॉर्मला, म्हणजे क्रियापदाच्या 'खाऊन'सारख्या रूपाला, मिरु लावलं की ट्राय असा अर्थ होतो, मी तसं पाठ केलेलं, परीक्षेत बरोबर लिहिलेलं. पण त्या क्षणी तो मुळ्याचा तुकडा समोर, आणि डोक्यात इंग्रजी आलंच नाही, थेट आईचा आवाज आला, अगं खाऊन तर बघ. मिरु म्हणजे खरोखरच बघणे. आपण जसं चव 'बघतो', साडी नेसून 'बघतो', फोन लावून 'बघतो', तसंच ते पण बघतात. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. ओकु म्हणजे ठेवणे, कात्ते ओकु म्हणजे विकत घेऊन ठेवणे, पाहुणे यायच्या आधी दूध आणून ठेवतो ना तेच, पुढची तयारी म्हणून आधीच करून ठेवायचं. मोत्ते कुरु म्हणजे घेऊन येणे, मोत्ते इकु घेऊन जाणे. ताबेते शिमात्ता, खाऊन टाकलं. वासुरेते शिमात्ता, विसरून गेले. त्या रात्री डॉर्मवर मी वही काढून एका बाजूला मराठी एका बाजूला जपानी असं लिहित गेले आणि पान भरलं तरी संपेना, कारण क्रियापद शेवटी, 'ला' 'ने' 'चा' सगळं शब्दाच्या मागे लागणारं, सगळी वाक्याची चाल आपलीच.

आमच्या वर्गात एक जर्मन मुलगा आणि एक अमेरिकन मुलगी होती, दोघंही माझ्यापेक्षा हुशार, कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, तर त्यांना माझ्या दुप्पट यायच्या. पण ते एका गोष्टीला कायम अडायचे. 'खायचा प्रयत्न करणे' आणि 'खाऊन बघणे' ह्या जपानीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीत तोंड उघडलंय पण घास गेला का नाही माहीत नाही, दुसरीत खाल्लंय आणि कसं लागतं ते कळलंय. इंग्रजीत दोन्हीला ट्रायच म्हणतात म्हणून त्यांना फरक पाठ करावा लागायचा. मराठी माणसाला तो फरक शिकवावाच लागत नाही, तो आपल्याकडे जन्मापासून आहे. आणि मी दोन वर्षं तो फरक इंग्रजीतून पाठ करत होते ह्याचं मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं. कुणीतरी पहिल्याच तासाला फळ्यावर 'करून बघणे' लिहायला हवं होतं.

सगळंच जुळतं असं मी म्हणत नाहीये, दोन्ही भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या आहेत, नातं काही नाही. आपण 'करून दिलं' एवढंच म्हणतो, त्यांच्याकडे मी दुसऱ्याला करून दिलं तर आगेरु आणि दुसऱ्याने मला करून दिलं तर कुरेरु, आणि तिथे चुकलं तर ऐकायला फार वाईट लागतं कारण उपकार कुणी केले तेच उलटं होतं. आणि नम्र बोलणं, केइगो, ते तर वेगळंच जग आहे. आपल्याकडे बस, बसा, बसावं इतक्यात भागतं, तिथे समोरच्याला वर चढवायचं क्रियापद वेगळं आणि स्वतःला खाली घ्यायचं वेगळं. ते मला अजूनही नीट येत नाही. पण पाया आपला आहे, आणि पाया आपला आहे हे कळलं की भीती जाते.

डॉर्ममधून सकाळी निघताना दारातल्या काकू, म्हणजे डॉर्म सांभाळणाऱ्या बाई, त्यांना आम्ही इत्तेकिमास म्हणायचो. पुस्तकात त्याचा अर्थ दिलेला असतो, घरातून निघताना म्हणायचं वाक्य. अरे पण शब्दशः काय आहे ते बघा ना, इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आजी आम्हाला दारातून ओरडायची, 'जाते' म्हणू नये गं, 'येते' म्हणावं. हजारो मैलांवरच्या देशात रोज सकाळी लाखो मुलं शाळेत निघताना हेच म्हणतात आणि आतून उत्तर येतं इत्तेराश्शाय, म्हणजे जाऊन ये. मी हे त्या काकूंना समजावून सांगितलं, की आमच्याकडे पण जाते म्हणत नाहीत, अशुभ मानतात, तर त्यांनी मला ते मराठीत म्हणायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला त्या 'जाऊन' म्हणून निरोप द्यायला लागल्या. जाऊन ये मधलं त्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं होतं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

वर्गांबद्दल. तास दीड तासाचे आणि बहुतेक शांत. सर प्रश्न विचारतात, कुणी काही बोलत नाही, मग सर एखाद्याचं नाव घेतात, तो अगदी छान मुद्देसूद उत्तर देतो, म्हणजे येत असतं पण आपणहून हात वर करत नाहीत. सुरुवातीला मला ती शांतता फार जड जायची. नंतर कळलं की वर्गाबाहेर, दोघंदोघं असताना, जपानी माणूस बोलणाऱ्याला एक क्षण एकटं सोडत नाही. तुम्ही बोलत असता आणि समोरून सतत उन, उन, हाइ, सोओ देस ने, नारुहोदो, असं चालू असतं. ह्याला ते आइझुचि म्हणतात. परदेशी मुलांना वाटतं हा मला मध्येच तोडतोय. मला वाटलं हा तर हुंकार! आजी गोष्ट सांगताना म्हणायचीच ना, हुंकार दे, नाहीतर मी सांगणार नाही. फोनवर आपण हं... हं... करतो तेच. आणि ते शेवटचं 'ने', सामुइ ने, म्हणजे थंडीये ना, तो 'ने' तर मी पहिल्या दिवसापासून 'ना' म्हणूनच ऐकला. एवढंच काय, जपानी माणूस एखाद्या गोष्टीला विचार करून ठेवतो असं म्हणाला की समजायचं नकार आहे. आपलं 'बघू' म्हणजे काय असतं ते ज्याला माहितीये त्याला हे वेगळं शिकवायला नको.

सगळ्यात मोठा धक्का मला एका भाषेच्या इतिहासाच्या तासाला बसला. जपानी अक्षरांचा क्रम आपण सगळेच घोकतो, आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. सरांनी फळ्यावर तो लिहिला आणि म्हणाले ह्या वर्गात कुणीतरी आहे जिला हा क्रम ओळखीचा वाटायला हवा. मी बघतेय, बघतेय, आणि मग दिसलं. क, च, ट, त, प, य र ल व! स्वर आधी, मग कंठापासून ओठापर्यंत, मग य र व. 'सा' च्या जागी आपला च-वर्ग, 'हा' च्या जागी प-वर्ग कारण जुन्या जपानीत तो उच्चार प होता. बौद्ध भिक्षू संस्कृतचा अभ्यास करायचे, सिद्धम ह्या जुन्या भारतीय लिपीतून, कुकाइ नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला जाऊन संस्कृत शिकून आला, आणि पुढे त्या अभ्यासातून अक्षरांचा हा क्रम बसला. मी अडीच वर्षं तो क्रम पाठ म्हणत होते आणि मला एकदाही दिसलं नव्हतं की ही माझी पहिलीतली बाराखडीच आहे. तास संपल्यावर सरांनी मला विचारलं की तुम्ही हा क्रम कसा म्हणता, चालीत म्हणता का, आणि मी त्यांना क ख ग घ ङ म्हणून दाखवलं तेव्हा ते ओठांकडे लक्ष देऊन ऐकत होते.

डिसेंबरात आजारी पडले. ओकायामाला ते 'हारे नो कुनि' म्हणतात, छान उन्हाचा प्रदेश, पाऊस कमी, पण थंडीत खोल्या आतून गार पडतात कारण भिंती पातळ. ताप आला म्हणून जवळच्या क्लिनिकमध्ये गेले, एकटीच, ट्यूटरची परीक्षा होती. डॉक्टर म्हातारे होते, इंग्रजी अजिबात नाही. त्यांनी विचारलं घसा इगाइगा करतोय का? इगाइगा मी कधीच शिकले नव्हते. पण ते इगाइगा म्हणताना त्यांनी घशाशी बोटं अशी खरवडल्यासारखी केली आणि मला लगेच कळलं, खवखव! हो, खवखवतोय. मग डोकं गानगान करतंय का झुकिझुकि? गानगान म्हणजे घणघण, झुकिझुकि म्हणजे ठणकतंय. ठणकतंय म्हटलं. मग अंगात झोकुझोकु? ते हात आखडून दाखवायला लागले त्याच्या आधी मी हो म्हटलं, कसकस होती ना अंगात. जगात किती भाषांमध्ये डॉक्टरला दुखणं असं आवाजात सांगता येतं मला माहीत नाही, पण चुरचुरणं, ठसठसणं, खवखवणं, शिवशिवणं हे सगळं ज्याच्या तोंडात आहे त्याने जपानी डॉक्टरकडे जायला मुळीच घाबरू नये.

खाण्याचं. मी अंडं खाते, मासे-मटण नाही, आणि जपानमध्ये मासे ताटात दिसत नसले तरी पाण्यात असतात. दाशि म्हणजे त्यांचं मूळ पाणी, सगळ्या सूपांचं, भाज्यांचं, बऱ्याचदा त्यात कात्सुओ मासा वाळवून किसलेला असतो. भाजी घ्या, टोफू घ्या, त्यातही येतो. पहिले दोन महिने मी पाकिटांवरची कांजी वाचायला शिकले ती ह्याच कारणाने, डुक्कर, गाय, कोंबडी, मासा ही चार अक्षरं कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्की झाली. कोन्बिनीतली, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानातली, उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी म्हणजे भाताचा मुटका, भात, नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, आणि खोलीवर कुकरमध्ये वरण. तुरीची डाळ एका हलाल दुकानात मिळायची, सायकलने वीस मिनिटं.

मग मला आज्जी भेटल्या. आमच्या भागातल्या कोमिनकानमध्ये, म्हणजे समाजमंदिर म्हणा, दर गुरुवारी गावातली मंडळी परदेशी मुलांशी गप्पा मारायला यायची, फुकट. ८५ वर्षांच्या होत्या त्या. त्या पक्की ओकायामाची बोली बोलायच्या, फार ह्या शब्दाला देऽरे, म्हणून-ला जाकेऽ, आणि आग्रह करताना ताबेते मिराऽरे. पुस्तकी जपानीत हे कुठेच नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसायलाच लागले, म्हटलं आमच्याकडे पण खाऊन बघ रे म्हणतात, फक्त मला म्हणताना रे नाही गं म्हणायचं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे कधीतरी मिराऽरे म्हणून झाल्यावर त्या मागून हळूच 'गं' लावायच्या.

मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी वेगळी दाशि केली. त्यांच्या स्वयंपाकघरात मी बाजूला उभी होते. कोन्बु म्हणजे समुद्री शेवाळाची जाड वाळकी पट्टी, ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, धुतली नाही, वरची पांढरी भुकटी हीच चव आहे म्हणाल्या, आणि वाळक्या शिताके मशरूमबरोबर ती रात्रभर थंड पाण्यात टाकून ठेवलेली होती. सकाळी ते पाणी फिकट चहासारखं झालेलं. मंद आचेवर ठेवलं आणि उकळी फुटायच्या जरा आधी, कडेला बारीक बुडबुडे यायला लागल्यावर, कोन्बु चिमट्याने बाहेर. उकळलं तर चिकट होतं. देवळांत भिक्षूंसाठी करतात तीच ही पद्धत, शोजिन. मग त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, ते पण आच बंद केल्यावर गाळणीत घालून चमच्याने विरघळवलं. वाटी हातात दिली. मी इतके महिने मिसो सूप ह्या गोष्टीपासून लांब राहिले होते आणि ते माझं पहिलं मिसो सूप. दोन वाट्या प्यायले. पुढच्या गुरुवारी मी त्यांना गोडा मसाला दिला, आईने पाठवलेल्या पुडीतला अर्धा, छोट्या बाटलीत भरून. त्यांनी वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि दगडफूल काय असतं ते मला सांगता येईना म्हणून फोनवर फोटो दाखवला, तर म्हणाल्या हे तर आमच्या देवळाच्या भिंतीवर असतं.

१ जानेवारी २०२४ ला मी त्यांच्याकडेच होते. सकाळी ओझोनि, म्हणजे मोचि (तांदळाचे चिकट गोळे) घातलेलं नववर्षाचं सूप, माझ्या वाटणीचं कोन्बुच्या पाण्यात. दुपारी त्यांचा मुलगा, सून, सगळे कोताट्सुच्या, म्हणजे खालून गरम होणाऱ्या बुटक्या टेबलाच्या, खाली पाय घालून संत्री सोलत टीव्ही बघत होते. चार वाजून दहा मिनिटांनी नोतोला भूकंप झाला, ७.६ चा. आमच्यापासून लांब, इशिकावा प्रांतात. टीव्हीवर लगेच त्सुनामीचा इशारा आणि निवेदिका ओरडायला लागली. जपानी बातम्यांत असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती चक्क ओरडत होती, निगेते, निगेते, पळा. सगळं केइगो, सगळी शेपटं गळून पडलेली, नुसता तो 'ते' उरलेला, ज्याच्यावर मी वहीची पानं भरली होती. खोलीत कुणीही बोलत नव्हतं. आज्जींच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं तसंच होतं. नंतर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या की त्या सात वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई असंच ओरडली होती, १९४५ च्या जूनमध्ये, ओकायामावर रात्री बॉम्ब पडले तेव्हा. किल्ला त्या रात्री जळाला. आत्ता उभा आहे तो काळा किल्ला १९६६ साली परत बांधलेला. त्या एवढंच बोलल्या आणि संत्रं सोलायला लागल्या. मी काही विचारलं नाही, नुसता हुंकार दिला.

पैशांचं विचारता म्हणून सांगते, मला जास्सोची, म्हणजे जपानच्या विद्यार्थी मदत संस्थेची, स्कॉलरशिप होती, महिना ८०,००० येन, तेव्हाच्या हिशोबाने ४५ हजार रुपयांच्या आसपास, दर महिन्याला ऑफिसमध्ये जाऊन सही करायची मगच जमा होते. डॉर्म स्वस्त असेल तर निभतं. वर बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, त्याची वेगळी परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते, ती अजिबात ओलांडू नका, व्हिसाचा प्रश्न येतो. मी एका बेकरीत आठवड्याचे दोन दिवस करायचे, ओकायामात तेव्हा किमान मजुरी तासाला ९३२ येन होती. सायकल जुनी घ्या पण नोंदणी करून घ्या. एका हातात छत्री धरून सायकल चालवायला बंदी आहे, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की रेनकोट लागतोच. कचऱ्याचे वार पाठ करा.

कोराकुएनला मी बऱ्याचदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा जाताना छातीत धडधडत होतं. इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदाराने १६८७ मध्ये बांधायला घेतली आणि १७०० साली पूर्ण झाली, जपानमधल्या तीन सर्वोत्तम बागांपैकी एक मानतात. आत गेल्यावर आधी हिरवळ, लांबच लांब, मग तळं, मधोमध ती छोटी टेकडी, आणि मागे किल्ला. मला पायांना रस्ता माहीत होता. खरंच सांगते, सिंहगड रोडच्या बागेत वळणं कशी घेतो ते पायात बसलेलं असतं, आणि इथे तीच वळणं मोठी होऊन समोर. सगळ्यात मला आवडायचं ते र्युतेन, नुसतं लाकडी छप्पर, भिंती नाहीत, आणि मधून झरा वाहतो, जमिनीतूनच, पाण्यात रंगीत दगड ठेवलेले. उन्हाळ्यात लोक बसतात, पाय पाण्यात सोडतात. मी तिथे बसून घरी व्हिडिओ कॉल लावला होता. आजीने बघितलं आणि म्हणाली, अगं ही तर आपली बाग. मग जूनमध्ये बागेतल्या छोट्या खाचरात भातलावणी झाली, बायका कासुरीचे, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या निळ्या कापडाचे, आखूड किमोनो घालून, वर टोपल्यासारख्या टोप्या, वाकून ओळीने रोपं लावतायत. आजी मुळशीची. तिला फोटो पाठवला तर तिचा व्हॉइस मेसेज आला, आवण फार लांब लांब लावतायत, जवळ लावायला सांग.

ऑगस्टमध्ये निघताना आज्जी स्टेशनवर आल्या होत्या, मुलाबरोबर, त्या उन्हात. शिनकान्सेनचा प्लॅटफॉर्म वर होता, त्यांना चढवेना म्हणून खालच्या गेटपाशीच थांबलो. मी सायोनारा म्हणायला गेले तर त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. तो शब्द नको. मग मी इत्तेकिमास म्हटलं, जपानीतलं आणि आपलं, दोन्ही.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं नेंगाजो आलं, नवीन वर्षाचं पोस्टकार्ड, सापाचं चित्र असलेलं कारण ते सापाचं वर्ष. पोस्टमनने १८ तारखेला दिलं, एक कोपरा दुमडलेला. थरथरत्या अक्षरात पण ब्रशने लिहिलेलं, अर्धं मला ट्यूटरला फोटो पाठवून वाचून घ्यावं लागलं. थंडी फार आहे, देऽरे थंडी. बागेतले करकोचे बरे आहेत. आणि शेवटी खाली, जागा उरली नव्हती म्हणून अगदी बारीक, एक ओळ जी मला कुणाच्याही मदतीशिवाय वाचता आली: तुझा तो तपकिरी मसाला मिसोत इरेते मिमाशिता.

घालून बघितला.